मांडीवर स्टील गिटार, खांद्यावर फिडल: दोन्ही वाद्यं सोबत कशी शिकावीत

अमेरिकन गायक बॉब डिलनच्या साथीदारांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. १९७५ च्या 'रोलिंग थंडर रिव्ह्यू' दौऱ्यात डेव्हिड मॅन्सफील्ड होता, १९९७ ते २००४ लॅरी कॅम्बेल होता, २००५ पासून डॉनी हेरन आला. तिघंही स्टील गिटार (आडवी ठेवून तारांवर धातूचा बार फिरवत वाजवायची गिटार; मांडीवरची ती लॅप स्टील किंवा हवाईयन गिटार) वाजवतात आणि तिघंही फिडल वाजवतात. सत्तरच्या दशकात गायक जॅक्सन ब्राऊनच्या साथीला बसणारा डेव्हिड लिंडलीही तसाच, एका गाण्यात मांडीवर लॅप स्टील, पुढच्या गाण्यात खांद्याला फिडल. आणि आपल्या मुंबईच्या स्टुडिओंमध्ये लखनौहून आलेले व्हॅन शिपली व्हायोलिन आणि विजेवरची हवाईयन गिटार अशी दोन्ही वाद्यं सारख्याच अधिकाराने वाजवत होते. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या ॲकॉर्डियनसोबत त्यांनी वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्ड ज्यांच्या घरी वाजल्या आहेत, त्यांना ते नाव सांगायला नको.

ही जोडी इतक्या वेळा जमते, कारण दोन्ही वाद्यांना पडदे नाहीत. स्टील गिटारवर पडद्यांच्या रेषा दिसतात, पण त्या नुसत्या खुणा. तार तिथे टेकत नाही, वरून फिरणाऱ्या लोखंडी बारवर टेकते. सूर कुठे आहे हे दोन्हीकडे कानच ठरवतो. म्हणून एक वाद्य बऱ्यापैकी येत असेल तर दुसऱ्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. उरलेलं निम्मं मात्र हातांचं असतं, आणि हात एकमेकांच्या सवयींच्या आड येतात. माझा सगळा अनुभव एवढाच सांगतो की कान दोन्हींसाठी एकच तयार करा, हात मात्र दोन वेगळ्या माणसांचे असल्यासारखे तयार करा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

(फिडल आणि व्हायोलिन हे एकच वाद्य. अमेरिकेत लोकसंगीतात आणि 'कंट्री' या तिथल्या गावाकडच्या संगीतात वाजलं की फिडल म्हणायचं. मी दोन्ही शब्द वापरणार आहे.)

वाद्य जुळवा: दोन्हीकडे षड्ज एकच ठेवा

सुरुवातीला दोन्हींचा सा 'डी' म्हणजे काळी एकच्या वरची पांढरी दोन ठेवा. यामागे कारण आहे. व्हायोलिन पाश्चात्त्य पद्धतीने जी-डी-ए-ई असं लावलेलं असेल तर मधल्या दोन तारा आपोआप सा आणि प होतात. आणि स्टील गिटार 'ओपन डी' मध्ये लावली तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी, म्हणजे सा-प-सा-ग-प-सा. दोन्ही वाद्यांवर मोकळ्या तारा छेडल्या की एकाच तंबोऱ्यात बसल्यासारखं वाटतं.

लॅप स्टील विकत घेणं लगेच जमत नसेल तर घरातली साधी गिटार चालते. तारांखाली मेरूवर, म्हणजे गिटारवाले ज्याला नट म्हणतात त्यावर, धातूचा एक्स्टेंडर बसवला की तारा उंच होतात आणि बार पट्टीला न खटकता फिरतो. वाद्य मांडीवर आडवं. साध्या गिटारच्या तारांवर ओपन डी लावताना चार तारा उतरवाव्या लागतात, दोन तशाच राहतात, एकही चढवावी लागत नाही. म्हणून ते सुरक्षित आहे. लॅप स्टीलवाल्यांमध्ये 'सी सिक्स्थ' हे ट्यूनिंग फार चालतं, सी-ई-जी-ए-सी-ई, आणि वेस्टर्न स्विंगकडे (कंट्री आणि जॅझचं मिश्रण) जायचं तर ते लागतंच. पण त्यासाठी तारांचा वेगळा संच घ्यावा लागतो. साध्या गिटारची सर्वांत जाड तार त्या ट्यूनिंगमध्ये आठ अर्धस्वर वर ओढावी लागते. ती तुटते, आणि तुटताना चेहऱ्याकडे येते.

आता ट्यूनर. त्यावर सगळ्या तारा बरोबर मध्यावर आणून थांबू नका. तुमची तिसरी तार म्हणजे गंधार आहे. ट्यूनरचा गंधार हा हार्मोनियमचा गंधार, षड्जापासून ४०० सेंटवर (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर असतो. स्टील गिटारवर तीन तारा एकदम वाजतात आणि आस (छेडल्यावर रेंगाळणारा नाद) लांब टिकते, त्यामुळे ते १४ सेंट कानाला टोचतात. तिसरी तार ट्यूनरच्या मध्याच्या १४ सेंट खाली आणा, मग ट्यूनर बाजूला ठेवून सा-ग-प एकदम छेडा आणि स्वरांमधली थरथर शांत होईपर्यंत कानाने लावा. स्टीलवाले गंधार उतरता लावतात ते याचमुळे. आपल्या कानाला तर तो घरचाच आहे.

कानाची पहिली कसोटी: ए तारेवरचं पहिलं बोट

हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण स्टील वाजवणारा माणूस व्हायोलिनवर पहिल्यांदा अडतो तो इथेच.

व्हायोलिनच्या ए तारेवर पहिलं बोट ठेवा. बी मिळाला, म्हणजे आपल्या सापेक्ष ध. आता त्याच्यासोबत खालची मोकळी डी तार एकाच बोमध्ये (गजाच्या एका ओढीत) वाजवा. ध आणि सा, मोठं गोड अंतर. बोट किंचित मागे-पुढे करत हे अंतर पूर्ण शांत होईल अशा जागी आणा. बोट तिथेच ठेवा, आणि आता डी सोडून वरची मोकळी ई तार सोबत वाजवा. बेसूर! बोट हललेलं नाही, तरीही बेसूर. ई तारेशी तो स्वर जुळवायचा तर बोट जवळजवळ पावणेचार मिलिमीटर पुढे, घोडीच्या दिशेने सरकवावं लागतं. २२ सेंटचा फरक आहे हा.

म्हणजे त्या एका 'बी'ला दोन जागा आहेत. ए तार षड्ज मानली तर एक चतुःश्रुतिक रिषभ, दुसरा त्रिश्रुतिक रिषभ. पुस्तकात वाचलेल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं, बोटाखाली इतक्या उघड कुठेच भेटत नाहीत. व्हायोलिनिस्ट सोबतची तार कोणती आहे ते ऐकून बोट कलतं करतो.

स्टीलवाल्याला ही सवय नसते, कारण त्याचा बार सरळ असतो आणि त्याने एकदा लावलेलं सा-ग-प बारसोबत जसंच्या तसं वर-खाली जातं. त्याच्याकडे अंतर आधी ठरलेलं असतं, व्हायोलिनवर ते दर क्षणी ठरवावं लागतं. म्हणून पहिला महिनाभर रोज पाच मिनिटं एवढंच करा. डी तारेसोबत बी, मग ई तारेसोबत बी, परत डी. न घाईने. डोळे मिटून केलं तर आणखी चांगलं.

मापं हातात बसवा

व्हायोलिनच्या तारेची वाजती लांबी साधारण ३३० मिलिमीटर. मोकळ्या तारेपासून पहिला पूर्ण स्वर ३६ मिलिमीटरवर येतो. साडेबावीस इंची लॅप स्टीलवर तोच पहिला स्वर ६२ मिलिमीटरवर. सुरुवातीला स्टीलवरून व्हायोलिनवर आलं की बोटं हमखास पुढे पडतात आणि स्वर चढतो, व्हायोलिनवरून स्टीलवर गेलं की बार मागे राहतो.

यावर माझ्या कामाला आलेली युक्ती अशी. लॅप स्टीलच्या बाराव्या रेषेवर उरलेली तार सुमारे २८६ मिलिमीटर असते. व्हायोलिनवर पहिलं बोट ठेवल्यावर उरलेली तार सुमारे २९४. म्हणजे व्हायोलिनचं अगदी सुरुवातीचं पहिलं बोट आणि स्टीलची बारावी रेषा यांची मापं जवळपास सारखी. दोन्ही ठिकाणी एक मिलिमीटर चुकलं की स्वर साधारण सहा सेंट हलतो. स्टीलच्या दुसऱ्या रेषेपाशी तेवढीच चूक साडेतीन सेंटच्या आत राहते. तेव्हा व्हायोलिनवाल्याने स्टील हातात घेतली की रियाज बाराव्या रेषेच्या वर सुरू करावा, तिथली अंतरं बोटांच्या ओळखीची वाटतात. मग हळूहळू खाली उतरावं. आणि स्टीलवाल्याने व्हायोलिनकडे जाण्याआधी आठवडाभर फक्त बारावी ते चोविसावी रेषा या टापूत सुरात राहायला शिकावं. तिथे ज्याचा बार थरथरत नाही त्याला व्हायोलिनची पट्टी परकी वाटत नाही.

बार धरायची पद्धतही इथेच पक्की करा. अंगठा एका बाजूला, मधलं बोट दुसऱ्या बाजूला, तर्जनी वरून. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे तारांवर अलगद टेकलेल्या, घासत मागून येणाऱ्या. ही दोन बोटं उचलली गेली की बारच्या मागच्या बाजूची तारही गुणगुणते आणि सगळा आवाज मळकट होतो. बार रेषेच्या बरोबर वर ठेवायचा, साध्या गिटारसारखा रेषेच्या मागे नाही, आणि पाहायचं ते डोकं बारच्या वर आणून. तिरकं पाहिलं की नजर फसवते.

भूपाची चाल, दोन्हींवर

दोन्ही वाद्यांना पुरेल असा पहिला पाठ आपल्या घरातच आहे. सा रे ग प ध. अमेरिकेतल्या कंट्री फिडलच्या कितीतरी चाली याच पाच स्वरांवर उभ्या आहेत, त्यामुळे ज्याने भूप ऐकला आहे त्याला ती वाट अर्धी माहीत आहे.

व्हायोलिनवर डी मोकळी सा, पहिलं बोट रे, दुसरं ग, ए मोकळी प, पहिलं बोट ध, तिसरं बोट तार सा. स्टीलवर हेच स्वर एकाच तारेवर काढा. सर्वांत बारीक तार घ्या, मोकळी, मग २, ४, ७, ९, १२ या रेषा. इतर तारांवर हे स्वर जवळ सापडतात, पण तो मोह सध्या टाळा. एका तारेवर काढलं की ग ते प मधली मोठी झेप मींडेने, म्हणजे आवाज न तोडता सरकत, घ्यावी लागते, आणि ही मींड नेमकी कुठे थांबते हेच शिकायचं आहे. बार प वर पोहोचून पुढे जाऊन परत आला तर ती चूक समजा. दुसऱ्या दिवशी तीच मींड व्हायोलिनवर डी तारेवर एका बोटाने घ्या. दोन्हींचं रेकॉर्डिंग करून लागोपाठ ऐका. ज्या वाद्यावर मींड सरळ जाते त्याचा शिक्षक म्हणून उपयोग करा.

कंप आत्ताच लावू नका. व्हायोलिनचा कंप बोट झुलवून येतो, जलद आणि अरुंद. स्टीलचा कंप बार तारांच्या दिशेने पुढे-मागे हलवून येतो, आणि तो संथ असेल तरच शोभतो. व्हायोलिनचा वेग बारवर आणला की स्टील रडकी वाटते. आधी स्वर ठेवा, दोन मात्रा शांत उभा राहू द्या, मग कंप.

उजवा हात: इथे वेगळी माणसं व्हा

डाव्या हाताची शिकवणी बरीच एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाते. उजव्याची जात नाही.

स्टीलवर अंगठ्यात एक नखी, तर्जनी-मध्यमेत दोन. छेडली की तार आपोआप वाजत राहते. त्यामुळे व्हायोलिनवाल्यापुढचा खरा प्रश्न स्वर थांबवण्याचा असतो. बो उचलला की व्हायोलिन गप्प होतं, स्टील होत नाही. आधीचा स्वर नव्यावर सांडत राहतो. उपाय म्हणजे तळहाताची करंगळीकडची कड. प्रत्येक स्वरानंतर ती तारांवर टेकवून आवाज मिटवायचा, बार हलवायचा, कड उचलता उचलता पुढचा स्वर छेडायचा. इंग्रजीत याला पाम ब्लॉकिंग म्हणतात. छेड-मिट-हल-छेड. पहिले पंधरा दिवस हे फार यांत्रिक वाटतं. वाटू द्या. साठच्या लयीपासून मेट्रोनोम लावा आणि मिटण्याचा आवाजही लयीतच पडतो ना ते ऐका.

उलट दिशेने जाणाऱ्याची अडचण बोची. नख्या घालून बोटं वाकवायची सवय झालेला हात बो घट्ट धरतो, आणि घट्ट धरलेला बो तारेवर उड्या मारतो. मोकळ्या डी तारेवर एक बो पूर्ण बारा सेकंदांत ओढा, मग उलट बारा सेकंद. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा. हे जमलं की कंट्रीचा सर्वांत कामाचा ठेका घ्या: एक लांब बो, दोन आखूड बो, लांब-छोटा-छोटा. नॅशव्हिल शफल म्हणतात तो हाच. मनगट सैल राहिलं तर तो तासभर वाजवता येतो.

आणि मग येतो या दोन वाद्यांमधला सर्वांत सुंदर दुवा, तो पायात आहे. विजेच्या स्टीलला व्हॉल्यूम पेडल लागतं. नवखे लोक ते आवाज लहान-मोठा करायला वापरतात. मला एका ज्येष्ठ वादकाने पहिल्याच भेटीत थांबवलं होतं. म्हणाले, "अरे, तुला व्हायोलिन येतं ना? मग पायात बो धर." पेडल निम्म्यावर ठेवून तार छेडायची, आणि आस जसजशी विरत जाईल तसतसं पेडल पुढे दाबत जायचं. स्वर बारा सेकंद एकसारखा उभा राहतो. वरच्या बोच्या पाठातले तेच बारा सेकंद. त्या दिवसानंतर मी दोन्ही पाठ एकामागून एक करतो, एकदा हाताने, एकदा पायाने. व्हायोलिनवाल्याकडे स्टीलवर आणण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच, स्वराला मध्येच श्वास देण्याची सवय.

दोन स्वर एकदम

फिडलचं दुहेरी वाजणं आणि स्टीलची जोडतारेची गत हे एकमेकांचं प्रतिबिंब आहे. सी सिक्स्थ लावलेल्या सहातारीवर पहिली आणि दुसरी तार मोठं तिसरं अंतर (सा ते ग एवढं) देतात, दुसरी-तिसरी छोटं तिसरं (ग ते प), पहिली-चौथी मोठं सहावं (सा ते ध), दुसरी-पाचवी छोटं सहावं (ग ते तार सा). एखादी चाल तिसऱ्या अंतरांत वाजवायची तर बार सरळ ठेवून तारांच्या जोड्या बदलत जायचं, आणि जिथे तेही पुरत नाही तिथे बार तिरका करायचा. तिरका बार सुरात ठेवणं अवघड आहे. पण व्हायोलिनवर दोन बोटं दोन तारांवर वेगवेगळ्या जागी ठेवण्याचा सराव असलेल्या कानाला तिरप किती हवी ते लवकर कळतं.

पेडल स्टीलकडे, म्हणजे पायांनी तारांचा सूर बदलणाऱ्या स्टील गिटारकडे, वळायचं असेल तर याच्यानंतर वळा, आधी नाही. दहा तारांचं 'ई नाइन्थ' ट्यूनिंग, तीन पेडलं आणि गुडघ्याने ढकलायचे लिव्हर, एवढं अंगावर घ्यायचं असतं. पहिलं पेडल बी ला सी शार्पवर नेतं, म्हणजे ई ला सा मानलं तर प वरून ध. दुसरं जी शार्पला ए वर नेतं, ग वरून म. बाकीचे स्वर जागचे हलत नाहीत आणि मधूनच एक स्वर वर सरकतो. १९५४ मध्ये पेडल स्टीलवादक बड आयझॅक्सच्या वादनातून ही स्वर वाजता वाजता वाकवण्याची खुबी कंट्रीत लोकांच्या कानी पडली, आणि मग सगळ्यांना तेच हवं झालं. फिडलवर मोकळी तार धरून शेजारच्या तारेवर बोट सरकवलं की हीच गंमत होते. व्हायोलिनवर ग-म ची ती सरक रोज घोटलेली असेल तर पेडल किती वेगाने दाबायचं हे कुणी सांगावं लागत नाही.

रोजचा क्रम

माझा सल्ला, आधी व्हायोलिन, मग स्टील. व्हायोलिनला बोटांची टोकं ताजी लागतात. बार तासभर घट्ट धरून झाल्यावर ती बधिर होतात. मध्ये दहा मिनिटं काहीही वाजवू नका, तंबोरा लावून नुसतं गा. जे गाता येतं ते दोन्हीवर उतरतं. गायकी अंगाचं व्हायोलिन ऐकायला आपल्याकडे डी. के. दातार यांचं ध्वनिमुद्रित वादन आहे. स्टीलवाल्यांनीही ते ऐकावं, मींड कुठे रेंगाळते आणि कुठे नाही ते कळायला.

मंचावर

गाण्याच्या मध्ये वाद्य बदलणं ऐकायला रोमांचक वाटतं. करताना ते नख्यांवर अडतं. एका कार्यक्रमात मी घाईत अंगठ्याची नखी न काढता बो उचलला. बो निसटला, टोकावर पडला आणि टोक तडकलं. तेव्हापासून ठरवलं आहे की एका गाण्यात बदल एकदाच, आणि त्यासाठी किमान चार आवर्तनं मोकळी मागून घ्यायची. सुरुवातीची फिडलची धून, मग गायकाच्या ओळींमधल्या जागा स्टीलने भरणं, ही मांडणी सर्वांत सोयीची. गायक गात असताना मध्ये येऊ नका, ओळ संपली की दोन-तीन स्वर आणि पुन्हा गप्प. नख्या ठेवायला स्टीलच्या कडेला छोटी वाटी, बो अडकवायला स्टँडवर आकडा, दोन्ही उजव्या हाताला.

दोन्ही वाद्यांना एकच केबल लावू नका. व्हायोलिनचा पिएझो पिकअप (लाकडाची थरथर टिपणारा) थेट साध्या व्हॉल्यूम पेडलमध्ये घातला तर आवाज पातळ आणि चिरका होतो, त्याला आधी प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारी छोटी पेटी) लागतो. स्टीलचा चुंबकी पिकअप पेडलमध्ये सरळ जातो. मिक्सरवर दोन वेगळे चॅनल मागा, आणि जे वाजत नाही ते बंद ठेवा, कारण व्हायोलिन स्पीकरसमोर उघडं राहिलं की शिट्टी मारतं.

राळ, गंज आणि पावसाळा

बोची राळ तारांवर भुकटीसारखी बसते, तिथून बोटांवर, बोटांवरून बारवर. राळ लागलेला बार तारेवर अडखळत सरकतो आणि मींड खरखरते. म्हणून व्हायोलिन ठेवून स्टील घेण्याआधी हात पुसा, खिशात एक सुती फडकं बारसाठी, दुसरं व्हायोलिनसाठी. दोन्ही एकच नको. बारवरची राळ स्पिरिटने जाते, पण ते स्पिरिट व्हायोलिनच्या लाकडाजवळही नेऊ नका, वॉर्निश विरघळतं.

जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी बो वाजवून झाला की न विसरता सैल करावा, आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, जोर लावून फिरवू नका, पंख्याच्या कोरड्या खोलीत अर्धा दिवस ठेवून मग लावा. स्टीलच्या तारा याच चार महिन्यांत सर्वांत लवकर गंजतात. वाजवून झालं की प्रत्येक तार फडक्यात धरून वरपासून खालपर्यंत पुसायची, खालच्या बाजूनेसुद्धा, कारण बार फिरतो वरून आणि घाम साचतो खाली.